‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ येतोय... सिंहाचं गाणं कसं असेल?

पानखूण

सी. एस. लुईसच्या नार्निया या जादुई जगाच्या पुस्तकांवरचा सिनेमा पुन्हा येतोय आणि या वेळी सुरुवात ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’पासून होणार, हे वाचल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. दिग्दर्शन ग्रेटा गर्विगचं, निर्मिती नेटफ्लिक्सची, आणि पडदा आयमॅक्सचा. २००५, २००८ आणि २०१० मध्ये तीन सिनेमे आले. त्याआधी १९८८ ते १९९० या काळात बीबीसीने टीव्हीसाठी चार पुस्तकं केली. या पुस्तकाला मात्र मोठ्या पडद्यावर आजवर कुणी हात लावला नव्हता. सात पुस्तकांपैकी माझं सगळ्यात लाडकं नेमकं हेच, त्यामुळे आनंद आणि धाकधूक दोन्ही एकदम.

(पुस्तक वाचलं नसेल तर इथेच थांबा. पुढे सगळं उघड बोलणार आहोत.)

माझी धाकधूक आवाजाची आहे. या पुस्तकात सैन्यं समोरासमोर येत नाहीत, तलवारी खणखणत नाहीत. जे काही मोठं घडतं ते आधी कानांवर पडतं. जगांमधलं ते जंगलच घ्या. पॉली नावाची मुलगी जादूच्या पिवळ्या अंगठीला हात लावते आणि नाहीशी होते. तिचा मित्र डिगरी तिच्यामागे जातो आणि एका तळ्यातून वर येतो, तरी अंगाला पाण्याचा थेंब नाही. तिथे पक्षी नाही, किडा नाही, वाऱ्याची झुळूक नाही. पानं इतकी दाट की आभाळ दिसत नाही, नुसता हिरवा उजेड. थोड्याथोड्या अंतरावर तळी, आणि एकेक तळं म्हणजे एकेका जगाचं दार. झाडं वाढताना जवळजवळ जाणवावीत इतकी शांतता, असं लुईसने लिहिलंय. माणूस तिथे स्वतः कोण ते विसरतो आणि विसरल्याचं त्याला वाईटही वाटत नाही. या प्रसंगामागे व्हायोलिनं लावली की सगळं गेलं. मला तिथे शेजारच्या खुर्चीतल्या माणसाचा श्वास ऐकू यायला हवा.

आणि मग नार्निया जन्माला घालणारं ते गाणं. अंधार, पायाखाली नुसती जमीन, आणि दूरवर कुणीतरी गायला लागतं. शब्द नाहीत, धड चालही नाही. खालचे स्वर इतके खोल की धरणीच गातेय असं वाटावं. मग वरून दुसरे आवाज येऊन मिळतात, आणि त्याच क्षणी आभाळभर तारे. पुढे पॉलीच्या लक्षात येतं की गाणाऱ्या सिंहाने, म्हणजे अस्लानने, खोल, लांबवलेले स्वर लावले की क्षणभराने समोरच्या कड्यावर फरची काळसर झाडं रांगेत उगवतात, आणि हलके, भराभर स्वर आले की प्रिमरोझची फुलं. हे करायचं तर गाणं आधी पूर्ण तयार हवं आणि चित्र त्याच्यामागून चालायला हवं. सिनेमात बहुतेक वेळा उलटं होतं, चित्र कापून झालं की त्यावर संगीत बसवतात. इथे तसं केलंत तर सिंह गातोय आणि शेजारी झाडं उगवताहेत, एवढंच दिसेल. पॉलीला जे कळलं ते प्रेक्षकाला कळणार नाही.

तुम्हाला कोणता प्रसंग जसाच्या तसा हवाय?

दिवेलागण

मला लोखंडी दांडा! लंडनच्या रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाचा दांडा चेटकीण उपटते, नार्नियात सिंहाच्या कपाळावर फेकून मारते, आणि तो जिथे पडतो तिथून छोटासा दिव्याचा खांब उगवतो. उगवतो तोच पेटलेला. पहिल्या पुस्तकात बर्फात एकटा उभा असलेला तो दिवा वाचून मी कितीतरी दिवस विचार करत होते की जंगलात हा लावला कुणी. उत्तर मिळालं तेव्हा पुस्तक मिटून नुसती बसून राहिले होते.

घंटानाद

पानखूण, आवाजाच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन, आणि त्यात माझी भर चार्न या दुसऱ्या जगाची.

मेलेलं शहर, म्हाताऱ्या सूर्याचा मळकट लाल उजेड, आणि त्या दालनात रांगेने बसलेले शेकडो राजे-राण्या, पुतळ्यांसारखे गोठलेले. पोरं रांगेच्या कडेने चालत जातात. सुरुवातीचे चेहरे दयाळू, शहाणे. थोडं पुढे गंभीर. आणखी पुढे ताकदवान, गर्विष्ठ, सुखी, पण क्रूर. मग आणखी क्रूर. शेवटी शेवटी क्रूर आणि हताश, म्हणजे ज्यांनी भयंकर कृत्यं केली आणि भोगलीही. एका राज्याचा अख्खा इतिहास चेहऱ्यांवर लिहिलेला, कुणी एक शब्द न बोलता. कॅमेऱ्याने फक्त पोरांच्या चालीने चालावं, मध्ये निवेदन नको, कुजबुज नको. रांगेच्या शेवटी जेडिस, म्हणजे ती चेटकीण, बसलेली आहेच.

मग तो चौकोनी खांब, त्यावर सोन्याची छोटी घंटा, शेजारी हातोडी. कोरलेल्या ओळींचा अर्थ असा की वाजवलीस तर संकट ओढवेल, नाही वाजवलीस तर काय झालं असतं या विचाराने वेडा होशील. पॉली म्हणते चल इथून. डिगरी तिचा हात पिरगाळून धरतो आणि दुसऱ्या हाताने घंटा वाजवतो.

हा हात पिरगाळणं सिनेमात राहायलाच हवं. मला भीती आहे की नायक पोरगा आहे, प्रेक्षकांना आवडायला हवा, म्हणून त्याच्या हातून ‘चुकून’ घंटा वाजल्याचं दाखवतील. पुस्तकात चुकून काहीच नाही. नंतर सिंह विचारतो तेव्हा डिगरी आधी मंत्राचा परिणाम झाला असं सांगू पाहतो, आणि सिंहाच्या एका प्रश्नावर कबूल करतो की मी नाटक करत होतो. पुढची सगळी गोष्ट त्या कबुलीवर उभी आहे.

आणि घंटेचा नाद. लागतो तेव्हा गोड, बारीक. पण विरत नाही, वाढत जातो. वाढत वाढत अख्खं दालन थरथरायला लागतं आणि एका बाजूचं छत कोसळतं. आयमॅक्सच्या स्पीकरांतून हा एक स्वर नीट चढवत नेला तर लोक खुर्चीला घट्ट धरतील.

जुना वाचक

मी थोडा वेगळा सूर लावतो. मुळात सुरुवात या पुस्तकापासून का? हे प्रकाशित झालं १९५५ मध्ये, क्रमाने सहावं. पहिलं ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ १९५० चं. दिवेलागण यांनी जे लिहिलंय, तो दिवा लावला कुणी हा प्रश्न कितीतरी दिवस पडणं, तेच नव्या प्रेक्षकाच्या वाट्याला येणार नाही. त्याला उत्तर आधी मिळेल आणि प्रश्न पडणारच नाही. कपाटाचंही तसंच. त्या पहिल्या पुस्तकातली लूसी कपाटातल्या कोटांमधून हात पुढे करत जाते आणि बोटांना कोटांऐवजी फांद्या लागतात, तो क्षण कपाटाचं लाकूड कुठून आलं हे माहीत असणाऱ्याला तसा कसा लागेल?

१९९४ मध्ये हार्परकॉलिन्सने पुस्तकांना कालक्रमाने नवे आकडे दिले आणि हे पुस्तक पहिलं झालं. तेव्हापासून हा वाद चालू आहे.

पानखूण

जुना वाचक, पुस्तकांबाबत तुमच्याशी शंभर टक्के सहमत. माझ्या भाचीला मी कपाटवालंच आधी दिलं. पण कालक्रमाच्या बाजूने लुईसचं स्वतःचं १९५७ चं पत्र आहे. अमेरिकेतल्या एका मुलाला वाटत होतं की कालक्रमाने वाचावं, त्याच्या आईला वाटत होतं की प्रकाशित झाली त्या क्रमाने. लुईसने कल मुलाच्या बाजूने दिला आणि पुढे हेही लिहिलं की कुठल्या क्रमाने वाचता याने कदाचित फारसा फरक पडत नाही.

सिनेमाबाबत माझं मत वेगळं आहे. कपाटाची गोष्ट १९७९ च्या कार्टूनपासून २००५ पर्यंत पुन्हा पुन्हा झालीय, आणि टिल्डा स्विंटनची चेटकीण अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. तिथूनच पुन्हा सुरू केलं असतं तर पहिल्या फ्रेमपासून तुलना. इथे पाटी कोरी आहे. शिवाय जेडिस अजून ‘पांढरी चेटकीण’ झालेली नाही, ती चार्नची राणी आहे, उंचीपुरी, देखणी, संतापी. ती वेगळी बाई दाखवता येईल.

काळरेषा

चित्रीकरणाचे जे फोटो फिरले त्यावरून गोष्ट १९५० च्या दशकातल्या लंडनमध्ये आणल्याची चर्चा आहे. खरं असेल तर मला ते पचायला जड जाईल.

पुस्तक पहिल्याच पानावर काळ सांगतं, शेरलॉक होम्स अजून बेकर स्ट्रीटवर राहत होता तेव्हाची गोष्ट. म्हणजे १९०० च्या आसपास. हाच डिगरी मोठा होऊन प्रोफेसर होतो आणि दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांमुळे लंडनहून पाठवलेली चार भावंडं त्याच्याच घरी राहायला येतात. १९५५ मध्ये डिगरी बारा वर्षांचा असेल तर ती चार भावंडं कुठल्या युद्धातून येणार? पुढचे सिनेमे करायचे असतील तर हा धागा कुठे जोडणार?

आणि घोडागाडी! चेटकीण हॅन्सम कॅबच्या टपावर उभी राहून घोड्याला पिटाळत येते, मागे पोलिस, बघ्यांची गर्दी. त्या गाडीचा मालक फ्रँक नार्नियाचा पहिला राजा होतो, त्याचा घोडा स्ट्रॉबेरी पंख फुटून फ्लेज होतो. टॅक्सीवाला आणला तर घोडा येणार कुठून?

घंटानाद

काळरेषा, घोड्याची काळजी नको. १९५० च्या दशकातही लंडनच्या रस्त्यांवर दूधवाल्यांच्या आणि कोळसेवाल्यांच्या घोडागाड्या होत्या. फ्रँक कोळसेवाला झाला तरी त्याचा स्वभाव बदलायचं कारण नाही. अंधारात सगळे घाबरलेले असताना जो माणूस एखादं भजन म्हणू या म्हणतो आणि स्वतःच सुरू करतो, तो कुठल्याही गाडीवर बसलेला असला तरी चालेल.

१९५५ मध्ये एक जोरदार गोष्ट मला दिसते. चार्न नष्ट कसं झालं? बहिणीशी युद्ध हरत आल्यावर जेडिसने तो एक शब्द उच्चारला आणि तिच्याखेरीज जिवंत असं काही उरलं नाही. हे पुस्तक हिरोशिमानंतर दहा वर्षांनी छापलं गेलं. बॉम्बने पडलेल्या घरांच्या मोकळ्या जागा लंडनमध्ये तेव्हा अजून दिसत होत्या. त्या जागांमध्ये खेळून वाढलेली पोरं चार्नच्या पायऱ्यांवर उभी राहतील तेव्हा त्यांना ते शहर अगदीच अनोळखी वाटणार नाही.

काळरेषा

हा विचार केला नव्हता, आणि पटतोय. तरी एक गोष्ट हातची जाते. शेवटी सिंह पोरांना सांगतो की तुमच्या जगातही कुणीतरी असंच गुपित शोधून काढेल आणि ते सगळ्या जिवंत गोष्टी नष्ट करायला वापरेल, याची खात्री देता येत नाही. तुम्ही म्हातारे व्हायच्या आत तुमच्या जगातल्या मोठमोठ्या देशांवर जुलमी लोकांचं राज्य येईल. १९०० मधल्या पोरांना हे सांगितलं की वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, कारण आपल्याला पुढचं माहीत आहे आणि त्यांना नाही. १९५५ मधल्या पोरांसाठी यातलं बरंचसं होऊन गेलेलं असेल. हे वाक्य कसं हाताळतात तिकडे माझं लक्ष असेल.

दिवेलागण

अस्लानच्या आवाजाबद्दल कुणीच बोलत नाहीये? २०२५ मध्ये मेरिल स्ट्रीपचं नाव बातम्यांत आलं तेव्हा किती रण माजलं होतं!

जुना वाचक

मी मुद्दाम टाळत होतो, पण विषय निघालाच आहे तर लिहितो. माझा विरोध अभिनेत्रीला नाही, तिच्या ताकदीबद्दल शंकाच नाही. पण सातही पुस्तकांत अस्लान ‘तो’ आहे, आयाळ असलेला सिंह आहे, आणि लुईससाठी त्यामागे त्याची श्रद्धा होती. १९५९ मध्ये त्याने बीबीसीच्या एका रेडिओ निर्मात्याला लिहिलेल्या पत्रात टीव्हीवर नार्निया करायला ठाम विरोध केलाय. प्राण्यांचे मुखवटे घातलेली माणसं त्याला नको होती, आणि तसा अस्लान म्हणजे आपल्यासाठी देवाची विटंबना, इतक्या कडक शब्दांत त्याने ते मांडलंय. कार्टून त्याला चाललं असतं. अस्लानच्या बाबतीत तो किती हळवा होता हे यावरून दिसतं, म्हणून तिथे सगळ्यात जास्त जपायला हवं.

पानखूण

तुमचं दुखणं मला कळतं. माझ्याही डोक्यातला अस्लान पुरुषी आवाजातच बोलतो. पण गाण्याच्या प्रसंगात, सिंह दिसायच्या आधी, लुईसने त्या स्वराला धरणीची उपमा दिलीय आणि इंग्रजीत धरणीला तिथे स्त्रीलिंगी सर्वनाम वापरलंय. अंधारात ऐकणाऱ्यांपैकी कुणालाच ठाऊक नसतं की हे कोण गातंय. त्या पाच-सात मिनिटांत तो आवाज बाईचा, बुवाचा, प्राण्याचा, कुणाचाच वाटू नये. एवढं साधलं तर पुढच्या संवादांबद्दल मी फार भांडणार नाही.

ते गाणं प्रत्येकाला वेगळं ऐकू येतं, हेही यायला हवं. फ्रँकला वाटतं, असं काही जगात असतं हे ठाऊक असतं तर मी आयुष्यभर जास्त चांगला माणूस झालो असतो. जेडिसला ते सगळ्यांपेक्षा नीट कळतं, म्हणून तिला त्याचा द्वेष वाटतो. आणि डिगरीचा अँड्र्यूमामा स्वतःला इतकं पटवतो की सिंह गाऊच शकत नाही, की शेवटी त्याला खरोखरच नुसती गुरगुर ऐकू येते.

अबोली

तीन दिवस वाचतेय, लिहायला धीर होत नव्हता.

सगळे गाण्याबद्दल आणि चार्नबद्दल बोलताहेत. माझ्यासाठी हे पुस्तक डिगरीच्या आईचं आहे. ती पहिल्या पानांपासून आजारी आहे, गोष्टीच्या मागे एका खोलीत पडून आहे. घरात सगळे हळू बोलतात. डिगरी पॉलीला पहिल्यांदा भेटतो तेव्हा त्याचं तोंड रडून आणि मातीच्या हातांनी पुसून मळलेलं असतं.

मी हे पुस्तक वाचलं तेव्हा माझी आई आजारी होती आणि मी अकरा वर्षांची होते. दार अर्धं लोटलेलं, आत औषधांचा वास, आणि मोठ्यांची वाक्यं मी आत गेले की मध्येच थांबायची. मला कुणी काही सांगत नव्हतं. या पुस्तकातल्या मुलाला माझ्याइतकंच माहीत होतं आणि तो माझ्याइतकाच घाबरलेला होता.

लुईसची आई १९०८ च्या ऑगस्टमध्ये कर्करोगाने गेली, तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. त्याचं आत्मचरित्रही १९५५ चंच, या पुस्तकाच्याच वर्षाचं. त्यात त्याने लिहिलंय की ती बरी व्हावी म्हणून आपण प्रार्थना केली होती. हे मला खूप नंतर कळलं, आणि कळल्यावर मी बागेचा प्रसंग पुन्हा वाचला.

डिगरीच्या हातात त्या बागेतलं जादूचं सफरचंद आहे. सिंहाला नेऊन द्यायचं कबूल केलंय. चेटकीण म्हणते, मूर्खा, हे आत्ताच्या आत्ता आईकडे ने, एक घास आणि ती बरी होईल. तिला डिगरीची दुखरी जागा बरोबर सापडलीय. तो डगमगतो. मग तिच्याकडून एक चूक होते. ती म्हणते, त्या मुलीला सोबत न्यायची गरज नाही, तिला इथेच सोड. त्या एका वाक्यातला हलकेपणा ऐकून डिगरीला तिचं बाकीचं सगळं बोलणं खोटं वाटायला लागतं. आईच्या प्रेमापोटी तो कदाचित घसरला असता, पण पॉलीला सोडून जायचं म्हटल्यावर भानावर येतो. सिनेमात हे वाक्य गाळलं तर तो नुसता आज्ञाधारक मुलगा दिसेल.

आणि त्याआधीचं. तो सिंहाकडे आईसाठी काही मागतो, घाबरून मान खाली घालून. मग वर बघतो तर सिंहाच्या डोळ्यांत मोठाले, चमकते अश्रू. क्षणभर त्याला वाटतं की आपल्या आईचं दुःख आपल्यापेक्षा यालाच जास्त आहे. अकराव्या वर्षी मी या ओळीवर बोट ठेवून किती वेळ बसले होते. मला तेव्हा कुणीतरी असं बघायला हवं होतं.

माझी आई गेली. सफरचंद पुस्तकात मिळतं हे मला कळत होतं, आणि तरीही पुस्तकावर राग आला नाही. का ते नीट सांगता येत नाही. लुईसलाही ते मिळालं नव्हतं आणि त्याने ते डिगरीला दिलं, एवढंच मनात येतं.

गर्विगचा ‘लेडी बर्ड’ आई-मुलीचा होता, ‘लिटल विमेन’मध्ये बेथचं आजारपण होतं. म्हणून मला तिच्याबद्दल आशा आहे. त्या खोलीत घाई करू नकोस, एवढंच तिला सांगावंसं वाटतं.

घंटानाद

अबोली, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. लिहिलंत हे फार बरं केलंत.

जुना वाचक

अबोलीताई, क्रम आणि काळ यांवर मी इतकं बोललो. ती खोली नीट आली तर बाकीचं मी चालवून घेईन.

पानखूण

अबोली, तुझं वाचून आज रात्री शेवटची दोन प्रकरणं पुन्हा काढली.

डिगरी आईच्या खोलीत येतो, खिशातून सिंहाने दिलेलं सफरचंद काढतो. त्याच्या तेजापुढे खोलीतल्या बाकीच्या वस्तू फिक्या पडतात, छतावर विलक्षण कवडसे नाचतात. आई विचारते, किती सुंदर आहे, कुठून आणलंस? तो म्हणतो, खाशील ना? सोलतो, कापतो आणि एकेक फोड तिला भरवतो. ती हसते, डोकं उशीवर टेकतं आणि तिला झोप लागते. औषधाशिवायची, साधी झोप. डिगरी तिचा हलकेच मुका घेतो आणि सफरचंदाचा उरलेला गाभा घेऊन बाहेर पडतो. संध्याकाळी तो मागच्या बागेत पुरतो.

मला सिनेमाचा शेवट तिथे हवाय. झाड मोठं झालंय, लंडनमधली साधी दुपार आहे, वारा पडलेला आहे, शेजारच्या झाडांचं पान हलत नाही. आणि हे एक झाड मधूनच सळसळतं, कारण त्या क्षणी तिकडे नार्नियात वारा सुटलाय.